रिबनवर उतरलेलं खोरं

मिस्त्री शेजारच्या देशाच्या वकिलातीतले टाइपरायटर दुरुस्त करायचे. बोलणं मोजकं, कान मात्र असा तयार की कुठलं अक्षर अडकतंय ते नुसत्या आवाजावरून सांगत.

स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आणि लढ्याच्या पुढाऱ्यांशी संधान असलेल्या चौकातल्या औषधवाल्याने त्यांच्यावर एक काम सोपवलं. शेजारी देश शस्त्रं देतो म्हणत होता, पण स्वतःच्या राजधानीला तो खरं काय कळवतो, ते पुढाऱ्यांना हवं होतं. कोऱ्या रिबनवर एकदाच टाइप केलं तर अक्षरं वाचता येतात. म्हणून वापरलेली रिबन जाळायचा तिथे नियम होता. मिस्त्री खिशातली भलतीच रिबन शेगडीत टाकत आणि खरी मोज्यात घालून घरी आणत. दुपारी खिडकीशी बसून, भिंगातून बघत एकेक अक्षर उतरवून घेत.

एका दुपारी कागदावर वाक्य उतरलं : 'शस्त्रांच्या बदल्यात नदीपलीकडचं खोरं आपल्याला द्यायला यांचे पुढारी राजी आहेत.'

त्याच खोऱ्यात बायकोचं माहेर होतं. मिस्त्रींनी कागद घडी करून खिशात घातला. ते तसेच औषधवाल्याकडे गेले.

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"आत्ता कळतंय," औषधवाला मान खाली घालून म्हणाला. "पण हे फुटलं तर बोलणी मोडतील. शस्त्रांवाचून आपली माणसं आठवडाभरसुद्धा तग धरायची नाहीत. घरीही बोलू नका."

घरी येऊन मिस्त्री एवढंच म्हणाले, "सासूबाईंना इकडेच आणू या का?"

"आणि म्हशी कोण बघणार?" बायको हसली. "तुम्हाला कधीपासून सासूचा एवढा पुळका?"

त्यांनी पुन्हा दोनदा विषय काढला. पण कारण काही सांगितलं नाही.

शस्त्रं आली, युद्ध जिंकलं. नदीकाठाने तारेचं कुंपण उभं राहिलं. सासूबाई पलीकडेच राहिल्या आणि तिसऱ्या वर्षी वारल्या. ते कळवणारं पत्र यायलाच दोन महिने लागले. त्या दिवशी मिस्त्रींनी बायकोला सगळं सांगून टाकलं.

"कारण कळलं असतं तर मी तिला उचलून आणलं असतं," ती म्हणाली.

"तुझ्यामागे अख्खं गाव निघालं असतं. मग बातमी लपली नसती."

"निघालं असतंच. का निघू नये?"

काही महिन्यांनी सरकारने युद्धातल्या कामाबद्दल मानपत्र देऊ केलं तेव्हा मिस्त्रींनी तिलाच विचारलं.

"घ्या," ती म्हणाली. "तुम्ही जीव धोक्यात घातला होता. पण मला तिथे नेऊ नका."

मिस्त्री एकटेच गेले.