नाक्यावरचे कैतान मास्तर

कैतान मास्तर मला पहिल्यांदा दिसले ते हिवतापानं कुडकुडताना. आमच्या नाक्याच्या ओट्यावर घोंगडी पांघरून ते बसले होते आणि माझे वडील, अण्णा, त्यांची पेटी उघडून आतलं सामान बघत होते. आष्टी तालुक्याच्या अगदी कडेला, जिथं निजामाचा मुलूख संपून इंग्रजांचा सुरू व्हायचा, तिथं करोडगिरीचा म्हणजे जकातीचा नाका होता. अण्णा तिथले नाकेदार. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीतला माल तपासणं हे त्यांचं काम. या पेटीत एक क्लॅरिनेट निघालं, दोन सदरे निघाले आणि बाकी नुसती पुस्तकं.

"ही कोणती भाषा?" अण्णांनी एक पुस्तक उलटंसुलटं करून विचारलं.

"लॅटिन, साहेब."

"कुठल्या मुलखात बोलतात?"

"आता कुठंच न्हय. बोलणारे सगळे मरून गेले."

नाक्यावरचे शिपाई उस्मानचाचा शेजारीच उभे होते. ते हसून म्हणाले, "मरे हुए लोगां के माल पे क्या जकात लेना, साब?"

अण्णाही हसले आणि पेटी बंद केली. पण पेटीचा मालक उठायला गेला तो तिथंच कोसळला. उस्मानचाचांनी त्यांना उचलून शिपायांच्या खोलीत नेलं. अण्णांनी आईला पेज करायला सांगितलं. मास्तर आमच्याकडे राहिले ते असे.

ते मूळचे गोव्याचे. मोमिनाबादच्या छावणीत घोडदळाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. छावणी कमी होत गेली, बँड मोडला, तेव्हा नगरला जाऊन आगगाडीनं घरी जायला निघाले होते. ताप उतरल्यावर अण्णांनी त्यांना विचारलं, पोरांना इंग्रजी शिकवाल का? मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन, धाकटा भाऊ दत्तू माझ्यामागे दोन वर्षांनी. जवळपास शाळा नव्हती. तालुक्याला होती, पण तिथं मुलीला कोण पाठवणार? अण्णा स्वतःच आम्हाला घरी शिकवायचे. सकाळी फारसीची अक्षरं आणि संध्याकाळी बालबोध. लहानपणी मौलवीसाहेबांकडून त्यांनी फारसी घेतलेली. ती त्यांना एवढी आवडायची, की रागवायचे तेही फारसीतून.

मास्तर म्हणाले, "पावसाळा होईस्तोवर शिकवतो. मग जातो." तो पावसाळा झाला, त्याच्या पुढचाही झाला.

इंग्रजी त्यांनी शिकवलं, पण मन लावून शिकवलं ते लॅटिन. अण्णा कुरकुरले, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, इंग्रजी पोटासाठी. पोट भरल्यावर माणसानं काय करायचं, ते पण शिकवायला नको?" अण्णांना हे पटलं. स्वतः पोट भरल्यावर ते फारसी गझलाच म्हणत बसायचे ना!

आमची शाळा नाक्याच्या आडव्या बांबूजवळ, कडुलिंबाखाली भरे. नवा शब्द सांगण्याआधी मास्तर दोन्ही हात विजारीला पुसायचे, जसं काही आता हातात काहीतरी धरायचं आहे. मग म्हणायचे, "मेन्सा. मेज. म्हणा." आम्ही त्याची रूपं ओरडायचो, "मेन्सा, मेन्से, मेन्से, मेन्साम!" बांबू उघडायची वाट बघत थांबलेले गाडीवान बैलांच्या शेपट्या सोडून ऐकत राहायचे. एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "नाकेदाराची पोरं कोणत्या देवाचा मंतर म्हनत्यात, ओ?" उस्मानचाचांनी गंभीरपणे सांगितलं, "मेज का." म्हाताऱ्यानं हात जोडले.

त्या मेजावरून अण्णा आणि मास्तर यांच्यात जुंपली, ती कित्येक महिने चालली. अण्णा म्हणायचे, मेज फारसी. मास्तर म्हणायचे, पोर्तुगीज मेझा, म्हणजे आमच्या मेन्साची लेक. "साहेब, तुमच्या कुलपाची चावी पण आमची. क्लाविस!" अण्णा म्हणायचे, "चावी घ्या, मेज सोडा." दोघंही हटायला तयार नसायचे. जेवणवेळ झाली तरी ओट्यावर ते मेज ओढाताणीत पडलेलं असायचं.

चुकलं की मास्तर मारत नसत. डोळे मिटून घ्यायचे, दाढ दुखल्यासारखे. मला त्यांचे ते मिटलेले डोळे छडीपेक्षा वाईट वाटायचे. बरोबर आलं की, "देव बरें करूं, बाये!" आणि मला ते कायम पूर्ण नावानं हाक मारायचे. घरादारात मी गोदी. त्यांच्या तोंडी गोदावरी. "नदीचं नाव अर्धं का करायचं?" म्हणायचे.

आईला मात्र हे सगळं मान्य नव्हतं. किरिस्ताव माणूस, म्हणून त्यांचं ताट, त्यांचा पेला वेगळा ठेवलेला. वाढायची ती दुरून, आणि बोलायची नाहीच. एक दिवस आम्ही ओट्यावर शब्द पाठ करत होतो. "इग्निस," मी म्हटलं, आणि आई चुलीपुढून म्हणाली, "अग्नी."

मास्तर दचकले. "दोनुम," ते सावकाश म्हणाले.

"दान," आतून आवाज आला.

"मातेर."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. मग आई पदर सावरत दारात आली. "हे तर आपलंच हाय की. मग तुमी परके कावून म्हणवता?"

त्या दिवशी आईनं त्यांना जवळ येऊन वाढलं. पुढं तर भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवून म्हणायची, "खावा. तिकडं दर्यावर काय मिळंल ते मिळंल." ते म्हणायचे, "बाई, तुमच्या मुलखात सगळं आहे. फक्त मासे शहाणे, ते आले नाहीत."

ते हसत बोलायचे, पण पश्चिमेचा वारा सुटला की त्यांना बसवत नसे. क्लॅरिनेट घेऊन माळावर जायचे आणि तिकडं तोंड करून वाजवायचे. घरी जायचं तर जात का नाहीत, हे मला कळायचं नाही. ते मी त्यांना एकदा विभक्ती शिकताना विचारलं.

"तुमच्या मराठीत आठ विभक्त्या," ते सांगत होते. "श्रीमंत लोक तुम्ही. आमच्याकडे सहा. सातवी पूर्वी होती, जागा सांगणारी. लॅटिननं ती जवळजवळ सगळ्या शब्दांतून काढून टाकली. थोड्या शब्दांसाठी तेवढी ठेवली. त्यातला एक दोमी. म्हणजे घरी." मग माझ्याकडे वळून, "बघ बाये, बाकी सगळं सोडलं, पण घरी म्हणायला सोय ठेवली."

"मग तुम्ही घरी का जात नाही, मास्तर?"

त्यांनी विजारीला हात पुसले, पण शब्द सांगितला नाही. "माझ्या आईचा नवस होता. एक मुलगा देवाला. तो मी. पाद्री व्हायला तिनं मला घातलं. ही सगळी विद्या तिथली. शेवटचं वर्ष उरलं आणि मी पळालो. देवाशी माझं भांडण न्हय. पण मला देताना कुणी मला विचारलं नाही." मग म्हणाले, "आता कुठल्या तोंडानं दारात उभा राहू?"

मी बारा वर्षांची झाले तसं घरात स्थळांचं बोलणं सुरू झालं. तलवाड्याचं एक चांगलं घर चालून आलं. मुलाचे थोरले चुलते मला बघायला आले. त्यांनी विचारलं, मुलीला काय येतं? आई स्वयंपाकाचं सांगत होती, तेवढ्यात दत्तू अभिमानानं बोलून गेला, "तिला लॅटिन येतं! माझ्यापेक्षा जास्त!"

चुलत्यांनी चौकशी केली. मग ओट्यावर बसलेल्या मास्तरांकडे नजर टाकून ते म्हणाले, "अण्णासाहेब, मुलगी पसंत हाय. पण लोक बोलायले की नाकेदार पोरांना बाटवायला निघालाय. आमी तर नात्यातले होणार. सुपारी फुटायच्या आधी हा माणूस इथं दिसला न्हाई पायजे."

अण्णांची नोकरी होती, जात होती, मुलगी होती. शेवटी म्हणाले, "बघतो." पाहुणे गेल्यावर आई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय बघता? दुसरं स्थळ बघा."

"दुसरे पण हेच म्हणतील गं."

"म्हणू द्या. ताटावरून उठवून माणूस घालवायचा? आपल्या घरात असं झालेलं न्हाई."

मी आतून ऐकत होते. ओट्यावर मास्तरांनाही सगळं ऐकू गेलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची पेटी नगरकडे जाणाऱ्या एका गाडीत चढवलेली दिसली. अण्णा त्यांचा हात धरून काहीतरी समजावत होते. मास्तर सारखी मान हलवत होते. आईनं दशम्या बांधून दिल्या आणि ती आत निघून गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

गाडीवान बैलांना पाणी पाजायला घेऊन गेला तेव्हा मास्तरांनी मला जवळ बोलावलं.

"गोदावरी, हे लग्न, सासर, सगळं ठरतंय. तुला कुणी विचारलं?"

मी नाही म्हटलं.

"मग मी विचारतो. तुला काय हवंय?"

"तुम्ही जाऊ नका."

"ते माझ्या हातात न्हय, बाये. दुसरं माग."

काय मागावं ते सुचेना. म्हटलं, "पुढचा धडा."

ते गाडीच्या साटीवर टेकले. दोन्ही हात विजारीला पुसले. आम्ही वर्तमानकाळ नुकता संपवलेला. "भविष्यकाळ," ते म्हणाले. "धातू, येणे. वेनियाम, मी येईन. वेनियेस, तू येशील. वेनियेत, तो येईल. म्हण." मी म्हटलं. दत्तूही रडत रडत म्हणू लागला. "वेनियेमुस, वेनियेतिस, वेनियेंत." बैल जुंपले, गाडी हलली, तरी ते आमच्याकडे तोंड करून म्हणत होते आणि आम्ही त्यांच्यामागून. बांबू उस्मानचाचांनी उचलला. गाडी इंग्रजांच्या मुलखात गेली आणि मग आवाज येईनासा झाला.

माझं लग्न झालं. तलवाड्याचं घर खरोखरच चांगलं निघालं. माणसं प्रेमळ, शेत भरपूर. पण तिथं लॅटिनचं नाव काढायची सोय नव्हती, आणि काढलं तरी बोलणार कुणाशी? वर्षं गेली. शब्द एकेक करून जाऊ लागले. आधी युद्धाचे गेले, मग झाडांचे. कधी विहिरीवर एखादा आठवायचा आणि मी तो घागर भरेपर्यंत तोंडात धरून ठेवायची.

पुढं दत्तू अण्णांच्या जागी नाक्यावर लागला. एका दिवाळीला तो मला भेटायला आला तेव्हा त्यानं सांगितलं, की नाक्यावरून गोव्याचा एक वाजंत्रीवाला गेला. तो मास्तरांचाच विद्यार्थी निघाला. मास्तर घरी पोचले होते. आई जिवंत होती, तिची नजर गेलेली. तिनं चाचपून त्यांचा चेहरा पाहिला आणि एवढंच म्हणाली, जेवून घे. तिच्या शेवटापर्यंत ते तिच्याजवळ राहिले. वाड्यावरच्या पोरांना ओसरीवर बसवून शिकवायचे. आदल्या पावसाळ्यात वारले.

"तो म्हणत होता," दत्तू सांगत होता, "मास्तर सांगायचे, माझी दोन मुलं घाटावर आहेत. आम्हाला वाटायचं, खरीच असतील."

दत्तू परत गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई आणि मी दळायला बसलो. त्या दिवशी त्यांचा घसा बसला होता. ओवी म्हणायला कुणी नव्हतं, जात्याची नुसती घरघर. खुंटा फिरता फिरता माझ्या तोंडून आपोआप निघालं: वेनियाम, वेनियेस, वेनियेत. फेऱ्याला फेरा जुळत गेला. वेनियेमुस, वेनियेतिस, वेनियेंत. किती वेळ म्हणत होते कोण जाणे. सासूबाईंचा हात थांबला तेव्हा भानावर आले. याच घरानं त्या माणसाला घालवलं होतं.

"कुठली गं ही ओवी?" त्यांनी विचारलं.

"माहेरची हाय, आत्याबाई."

"काय म्हणती ती?"

"मी येईन, तू येशील, तो येईल."

त्यांनी मूठभर जोंधळा जात्यात टाकला. मग बसक्या आवाजात म्हणाल्या, "माझ्याबी माहेरचं लई सालात कुणी आलं न्हाई. म्हण की पुन्यांदा. जरा हळू म्हण, मला घेऊ दे."

मी हळू म्हटलं. त्यांनी माझ्यामागून म्हटलं.