मोठ्या आईने चहा सोडला नव्हता

तिला त्यागमूर्ती म्हणू नका. निदान माझ्यासमोर नको.

आज मोठ्या आईचा दहावा. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. सकाळी गावी, मेडशीच्या घरी तिच्या नावाचं पान वाढत होते. शेजारी चहा ठेवावा म्हणून उठले, तर धाकट्या काकांच्या मुलाने, माझ्या चुलतभावाने, हात धरला.

"चाय नको ठेवू, ताई. मोठ्या आईनं तरुणपणीच सोडली होती. लय मोठा त्याग होता तिचा. मी ग्रुपवर टाकलं ना."

वाचलं मी. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

सोडली नव्हती रे. काढून घेतली होती.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. चहा आमच्या घरात तेव्हा नवाच होता. आजोबा कापूस घेऊन कारंज्याला जायचे, येताना पुडा आणायचे. पहिल्या उकळीचा चहा पुरुषांना. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून उकळलेला बायकांना.

मग थोरले काका तापाने गेले. मोठी आई विशीतही नव्हती. तेरवी झाली आणि आजीने तिची कपबशी उचलून माळ्यावर टाकली.

"आता तुले चाय कायले पायजे व?"

विषय संपला.

माझी आई घरातली नवी सून. तिला बोलायची सोय नव्हती. पण उरलेलं फेकायचं नाही, हा आजीचाच नियम होता. आईने तोच धरला. थोडा चहा प्यायची आणि म्हणायची,

"आत्याबाई, मले नाई संपत."

"मंग दे थोरलीले. ओतून टाकू नको."

म्हणजे बघा. विधवेला वाढलेला चहा चालत नव्हता. धाकट्या जावेचा उष्टा चालत होता.

हे लिहिताना आजही माझं डोकं तापतं.

पुढे आजीला संशय आला.

"काहून व, रोजच उरते तुयी चाय? उद्यापासून अर्धाच कप देत जाईन."

दिला. त्या अर्ध्यातलाही अर्धा आईने उरवला.

दोघींच्या वाट्याला दोन-दोन घोट. म्हणून त्या सावकाश प्यायच्या. मागच्या दारी, तुराट्यांच्या गंजीला टेकून, डोळे मिटून, घोट जिभेवर धरून. आई विचारायची,

"सांगा जाऊबाई, आज काय?"

"गूळ जुना हाय. दूध बकरीचं."

"अन् चोथा?"

"कालचा. परवाचाबी असन. तुयी सासू हाय बाप्पा."

"तुमची नाई का?"

"माई कायची? मी कुठं चाय पेतो?"

आणि दोघी तोंडात पदर कोंबून हसायच्या. आई हे सांगायची तेव्हाही तिला हसू यायचं. मला कधीच आलं नाही.

मी कॉन्व्हेंटच्या होस्टेलमधून सुट्टीला यायला लागले, तोवर आजी गेली होती. चहा हवा तेवढा होता. तरी या दोघी एकच कप घेऊन बसायच्या. मला बेल व्हायच्या आत चहा संपवायची सवय.

"कोणती गाडी सुटून राह्यली तुयी?" मोठी आई म्हणायची. "जिभेवर ठेव. आता सांग, काय लागलं?"

"चहा."

"चाय तं हायेच. आजून?"

"तुझ्या चुलीचा धूर."

"आता पेली तू."

आता असा चहा प्यायला शिकवणारी सेशन्स असतात. माझी मुलगी जाते, mindfulness म्हणते. जाऊ दे, वाईट काहीच नाही त्यात. पण मोठी आई सावकाश प्यायची, कारण दुसरा घोट शेवटचा असायचा.

आई गेल्यावरही ती कपात अर्धा चहा ठेवायची. मी उचलायला गेले की म्हणायची, "राहू दे. तुया मायचा हाय."

तर आज मी भावाला म्हटलं, "हात सोड."

नवी पूड घातली. म्हशीचं दूध. पहिली उकळी. दोन कप भरले.

"दोन कायले?"

"दोघी आहेत."

मग त्याला त्या उरवलेल्या चहाचं सगळं सांगितलं. थोड्या वेळाने त्याने ग्रुपवरची पोस्ट काढून टाकली. बरं केलं.

मोठी आई, आई, दोन्ही कप काठोकाठ भरलेत. गरम आहेत.

आज कुणी कुणासाठी उरवायचं नाही.

सावकाश प्या.