तिसऱ्या गिअरचा चढ

पडदेताईंच्या रागाला अख्खी गल्ली वचकून असे, पण तो राग नेमका कशाचा आहे हे कुणी कधी विचारलं नाही. बाई तापट आहे, असं म्हणून सगळ्यांनी विषय संपवला होता. तापट म्हटलं की बरं पडतं. तिला कुणी तापवलं, या फंदात मग पडावं लागत नाही.

त्या पडदे शिवायच्या. नुसते शिवून गठ्ठा हातात देणाऱ्यातल्या नव्हेत. घरी जाऊन मापं घ्यायच्या, स्वतः भिंतीला भोकं पाडून दांड्या बसवायच्या आणि चुण्या हाताने सारख्या करून मगच त्या घरातून निघायच्या. त्यांची शिवणाची खोली नवऱ्याच्या गॅरेजला लागून होती. मधल्या भिंतीत एक खिडकी होती. तिच्यातून इकडे पेट्रोलचा वास यायचा आणि तिकडे शिलाई मशीनचा खडखडाट जायचा. पांढऱ्या कापडावर ऑइलचा डाग दिसला रे दिसला की खिडकीतून अशी काही सरबत्ती सुटायची, की पलीकडचं गिऱ्हाईक बिचारं आपलंच काही चुकलं असं समजून उठून उभं राहायचं.

गॅरेज दोघा भावांचं. थोरले म्हणजे ताईंचे यजमान. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. धाकट्याला म्हणत पावर, कारण त्याच्या तोंडात दुसरा शब्दच नसे. हे टाका, पावर वाढेल. ते बदला, पावर बघा. मिस्त्री दिवसभर त्याच्यावर डाफरत आणि तो दिवसभर हसत असे.

गॅरेजच्या दारातूनच टाकीचा चढ सुरू होतो. वर पाण्याची टाकी, तिच्या पलीकडे मोठ्या खिडक्यांची नवी घरं, म्हणजे ताईंची निम्मी गिऱ्हाइकं. चढाच्या एका अंगाला लांबच लांब भिंत आहे, आणि ही भिंत म्हणजे मिस्त्रींचं कोर्ट. आलेली गाडी ते आधी खालच्या खांबापासून तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दाबून वर नेत. जिथे इंजिन थरथरायला लागून दुसरा गिअर मागेल, तिथे पुढच्या चाकासमोर भिंतीवर खडूची रेघ. दुरुस्तीनंतर पुन्हा तेच. दुसरी रेघ पहिलीच्या वर गेली तरच गाडी मालकाच्या ताब्यात. खडू ताईंचा असे, कापडावर खुणा करायचा निळा, आणि हाक आली की हातातलं काम टाकून रेघ मारायलाही ताईच जात. कुठली गाडी कुठे अडली हे त्यांना भिंतीकडे न बघता सांगता आलं असतं.

एकाच गाडीसाठी ही भिंत कधी वापरली नव्हती. ती म्हणजे ताईंची स्वतःची.

पडद्यांच्या कमाईतून घेतलेली जुनी लहान गाडी होती ती. मिस्त्रींनीच पारखून आणलेली. मागची सीट पाडली की दांड्या आडव्या मावत. दीड वर्षापूर्वीपासून ती चढावर रडायला लागली होती. ताईंनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मिस्त्री दर वेळी बोनेटमधून डोकं बाहेर न काढता म्हणायचे, "तू गिअर उशिरा टाकतेस." ताईंनी लवकर टाकून पाहिला. तरी रडायची. मग ते म्हणाले, "आता तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस."

आणि एका सकाळी व्हायचं ते झालंच. मागे दांड्या आणि कुणाच्या तरी बैठकीचे पडदे, ताई चढावर, आणि भिंतीतून पाण्याचा जाडा पाइप बाहेर येतो त्याच्यासमोर इंजिनाने दोन गचके दिले आणि ते बंद पडलं. हँडब्रेकपर्यंत हात जाईतो गाडी मागे घरंगळली, मागचा दिवा भिंतीवर फुटला, पत्रा खरवडला. कुणाला लागलं नाही. गॅरेजमधून सगळे धावत आले. पावर आला, कायमचा पडीक असलेला टॅक्सीवाला आला, दोन गिऱ्हाइकं आली. मिस्त्रींनी दार उघडलं, किल्ली काढून घेतली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "हिच्या हातात गाडी म्हणजे एखाद्याचा जीव जायचा."

टॅक्सीवाला हसला. एरवी कुणाचं ऐकून न घेणाऱ्या ताईंच्या तोंडून त्या दिवशी शब्द फुटला नाही. का? कारण आपल्याला खरंच येत नसेल की काय, हे त्यांच्या मनात आलं होतं.

किल्ली गॅरेजमधल्या खिळ्यावर गेली. गाडी ताडपत्रीखाली गेली. मिस्त्रींनी मागचा दिवा तेवढा नवा बसवला. त्यानंतर ताई खांद्यावर दांड्या घेऊन तो चढ चढायच्या, नाहीतर मिस्त्रींना सवड होईपर्यंत थांबायच्या, आणि सवड कधी व्हायची नाही. वरची गिऱ्हाइकं एकेक करून दुसरीकडे वळली. शिवणाच्या खोलीत मशीन वाजायचं कमी झालं आणि खिडकीतून येणारी बोलणी वाढली. मिस्त्री लोकांना सांगत, "हिचा स्वभावच तापट."

आता मला सांगा, बाईने काय आरती ओवाळायची होती?

तर परवा दुपारी गॅरेजमध्ये भांडण पेटलं ते प्लगवरून. पावरने दारावर पाटी लावली होती: प्लग बदला, ताकद वाढवा. इरिडियम धातूच्या टोकाचे महागडे स्पार्क प्लग त्याने फळीवर ओळीने मांडले होते. मिस्त्री जेवून आले, पाटी वाचली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काढ ती पाटी."

"का? सगळे विकतायत."

"अरे, ठिणगी ती ठिणगीच. साधा चांगला प्लग जी ठिणगी देतो, तीच हा देणार. इंजिन काय किंमत बघून जोर लावतं?"

"दादा, गिऱ्हाईक स्वतः येऊन सांगतं, गाडी पळते म्हणून."

"त्याचे जुने झिजलेले असतात म्हणून पळते. साधे नवे टाकले असतेस तरी पळाली असती!"

टॅक्सीवाल्याने स्टूल पुढे ओढलं. "भिंत आहे की," तो म्हणाला. "होऊन जाऊ द्या."

दोघांनाही ते पटलं. आधी आहेत ते प्लग, मग साधे नवे, मग महागडे. मिस्त्रीच तिन्ही वेळा चालवणार, पावर शेजारी बसून त्यांच्या पायावर नजर ठेवणार. प्रश्न गाडीचा होता. गिऱ्हाइकाच्या गाडीवर प्रयोग कसे करायचे?

"आपली घरची आहे ना ताडपत्रीखाली," मिस्त्री म्हणाले.

खिडकीत ताईंचा चेहरा आला. "कुणाची?"

"अगं, आपली. नुसती पडून तर आहे. ये, खडू घेऊन ये."

नुसती पडून आहे! ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. पण त्या खडू घेऊन बाहेर आल्या. बॅटरीला करंट देऊन मिस्त्रींनी गाडी चालू केली, गरम होऊ दिली, आणि आहे त्याच प्लगांवर पहिली फेरी निघाली.

खांबापासून तिसरा गिअर. गाडी वर आली, ताईंच्या जवळून पुढे गेली, आणि पाण्याच्या पाइपाच्या हातभर अलीकडेच इंजिनाने दोन गचके दिले. मिस्त्रींनी दुसऱ्या गिअरसाठी हात घातला. तेवढ्यात ते बंद पडलं. गाडी मागे सरकली. इतकी वर्षं गाड्यांत काढलेल्या माणसाने हँडब्रेक खसकन ओढला, तरी ती सरकून मगच थांबली.

ताई पळत वर गेल्या आणि रेघ मारली. हातभर अलीकडे. म्हणजे त्या स्वतः जिथे अडल्या होत्या, तिथपर्यंतसुद्धा मिस्त्री पोचले नव्हते. ताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो गाडीच्या खिडकीतून डोकं काढून भावाला सांगत होता, "ही झाली जुन्याची. आता बघ गंमत."

त्याला कळलंच नव्हतं! ताईंचे कान तापले. इतके दिवस ज्या शब्दांनी त्यांची झोप उडवली होती, ते शब्द बोलणारा माणूस त्याच जागी, तसाच घरंगळला होता, आणि त्याला गंमत वाटत होती. ओरडावंसं वाटलं. पण तिन्ही रेघा झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं त्यांनी ठरवलं, आणि खडू मुठीत इतका आवळला की त्याचे दोन तुकडे झाले.

गाडी खाली आणून मिस्त्रींनी प्लग काढले. चारही फडक्यावर ठेवल्यावर पावर खो खो हसत सुटला. "दादा, हे चौघे चार घरचे!"

खरंच होतं. एकही दुसऱ्याच्या जोडीचा नव्हता. एक काजळीने काळा, एक पांढुरका, दोघांची टोकं झिजून गोल झालेली, आणि मधली फट इतकी रुंद, की चढावर जोर लागला की ठिणगी पडणार कशी? सपाटीवर गाडी निमूट चालायची आणि चढावर जीव सोडायची, ती यामुळे.

"कुठले हे?" ताईंनी विचारलं.

मिस्त्रींनी मागच्या डब्याकडे हात केला. गिऱ्हाइकांच्या गाड्यांतून काढलेले प्लग त्यात पडत. "चांगलेच होते तेव्हा. तारेच्या ब्रशने घासून टाकले. घरच्या गाडीला कशाला नवे?"

लोकांच्या गाडीतून उतरलेलं भंगार बायकोच्या गाडीत घालायचं, ती चढेना की बायकोला गिअर शिकवायचा, आणि ती घरंगळली की चारचौघांत तिचा पाणउतारा करायचा. आणि हे कोण? तर दुसऱ्याच्या गाडीची दुसरी रेघ वर गेल्याशिवाय किल्ली न देणारे मिस्त्री. मला तर लिहितानाही चीड येते.

दुसरी फेरी साध्या नव्या प्लगांवर. गाडी पाइपापाशी आली. ती पाइप मागे टाकून गेली, वळणाच्या दिव्याच्या खांबापुढे गेली, आणि पार टाकीच्या फाटकाजवळ जाऊन थरथरली. ताईंनी रेघ मारली. तिसरी फेरी पावरच्या महागड्या प्लगांवर. पुन्हा खांब, पुन्हा फाटक. ताईंनी खडू टेकवला तो आधीच्याच रेघेवर. पावरने आणखी एकदा न्यायला लावली. रेघ तिथल्या तिथे.

"काडीचा फरक नाही!" मिस्त्री चढ उतरतानाच ओरडत होते. गाडीतून उतरून त्यांनी टॅक्सीवाल्याच्या पाठीत धपका घातला. "काय म्हणत होतो मी? काढ रे पाटी!"

"टिकतात तरी जास्त," पावर कुरकुरला.

"टिकतात, कबूल. मग टिकतात असं लिही. ताकद कसली विकतोस? आज माझंच खरं निघालं की नाही?" त्यांनी ताईंकडे वळून विचारलं. "काय गं?"

"निघालं ना," ताई म्हणाल्या. "तुमचंच खरं निघालं. आता जरा त्या पहिल्या रेघेशी चला."

"कशाला?"

"चला म्हणते ना!"

त्या आवाजावर टॅक्सीवालासुद्धा उठला. सगळे पाइपापाशी आले. ताईंनी पाइपावर हात आपटला. "मी इथे अडले होते. तुम्ही आत्ता कुठे अडलात? वाचा ती रेघ. मोठ्याने वाचा."

मिस्त्रींनी रेघेकडे पाहिलं. मग पाइपाकडे. तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

"अगं, प्लग गेले होते ते..."

"प्लगचं मी विचारतच नाहीये! तुमचे ते प्लग घाला चुलीत. गेलं वर्षभर मी खांद्यावर दांड्या वाहिल्या. घरातल्या घरात स्टूलवर बसून पायाने क्लच दाबायची सवय करत होते, माहीत आहे? वाटायचं, आपल्याला येतच नाही. आणि तुम्ही डब्यातले उष्टे प्लग घातले होते! त्या दिवशी एक रेघ मारली असती तर कळलं असतं. एक रेघ! येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या गाड्यांना मारता. माझ्याच गाडीला तुमचा खडू झिजत होता? तोसुद्धा माझाच होता हो खडू!"

पावर पायाने खडा उडवत होता.

"एखाद्याचा जीव जायचा म्हणालात. याच लोकांसमोर म्हणालात. हा हसला होता." टॅक्सीवाल्याने मान खाली घातली. "आता यांच्यासमोरच बोला."

मिस्त्रींनी घसा साफ केला. "गाडीत दोष होता," ते म्हणाले.

"आणि?"

मिस्त्री भिंतीकडे बघत राहिले. त्यांना ते फार जड गेलं, हे दिसत होतं. जावंच जड. "आणि तुझ्यात नव्हता," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले. "चूक माझी झाली."

ताईंनी हात पुढे केला. मिस्त्रींनी किल्ली त्यावर ठेवली.

त्या तशाच खाली गेल्या, गाडीत बसल्या, सीट पुढे ओढली. खालच्या खांबापासून तिसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. इंजिनाचा आवाज मोकळा होता. गाडी सरळ वर निघाली. भिंतीशी तिघे उभे होते, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ताईंना जिंकल्यासारखं वाटत होतं, थेट पाइपापर्यंत.

पाइप आला आणि त्यांचा डावा हात आपोआप स्टिअरिंगवरून सुटला आणि हँडब्रेकवर घट्ट बसला. गाडीला काही झालं नव्हतं. एक गचका नाही, थरथर नाही. ती मजेत चढत होती, आणि ताईंचा हात ब्रेकवर, बोटं पांढरी पडलेली. दिव्याचा खांब मागे गेला तरी हात सुटेना.

टाकीच्या फाटकापाशी त्यांनी गाडी उभी केली. प्लग बदलायला अर्धा तासही लागला नव्हता. आता हा हात कुणाकडे न्यायचा दुरुस्तीला? त्या मोठ्याने रडल्या, रडता रडता खाली उभ्या असलेल्या नवऱ्याला आठवतील तेवढ्या शिव्या घातल्या. मग पदराने तोंड पुसलं, गाडी वळवून चढ उतरून खालच्या खांबापाशी आणली आणि पुन्हा तिसरा गिअर टाकला.