राजय्याबरोबर पाहिलेले पक्षी

त्या सोमवारी सकाळी मी हजेरीपत्रकावर राजय्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ असं लिहिलं आणि पुढच्या नावाकडे वळलो. सोलापूरच्या गिरणीच्या हजेरी खात्यात इतकी वर्षं हेच काम केलं आहे की हात आपोआप चालतो. दहाच्या सुमाराला विणाई खात्यातला एक कामगार खिडकीशी आला. गजांना धरून उभा राहिला आणि म्हणाला, “राजय्या पहाटं गेला, बाबू. दम्यानं. तुला सांगायला पाठवलंय घरनं.” मी पेन खाली ठेवलं. समोर हजेरीपत्रक उघडंच होतं आणि त्याच्या नावापुढची शाई वाळून गेली होती… त्या शेऱ्याचं काय करायचं असतं ते मला ठाऊक आहे, रोजचंच काम आहे. पण त्या दिवशी ते मी दुसऱ्या कारकुनाला करायला सांगितलं.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. राजय्या साधा विणकर होता. त्याच्यावर कुणी लिहील असं त्याच्या गल्लीतही कुणाला वाटणार नाही. पण गेली नऊ-दहा वर्षं माझे बहुतेक रविवार त्याच्याबरोबर गेले आहेत, आणि ते रविवार दुसऱ्या कुणाला माहीत नाहीत. म्हणून लिहितो आहे.

मी मूळचा मंद्रूपचा. लग्न झालं आणि दुसऱ्याच वर्षी बायको बाळंतपणात गेली. मूलही राहिलं नाही. पुन्हा लग्न करावं असं घरच्यांनी पुष्कळ सांगितलं, पण ते राहून गेलं. आठवड्याचे सहा दिवस गिरणी माणसाला उभं धरते. रविवार मात्र खोलीत काढवत नसे. म्हणून मी सायकल काढून तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याच्या तलावावर जायला लागलो. पक्ष्यांचं मला काही कळत नव्हतं. डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, त्यामुळे पाण्यापलीकडचं सगळं धुरकट दिसायचं. पण ऐकू मात्र सगळं यायचं. एकदा बांधावर उभा राहून कसला तरी किर्र आवाज कुठून येतो ते शोधत होतो, तेवढ्यात शेजारी उकिडवा बसलेला एक काळासावळा माणूस उठला. त्याने माझी हनुवटी दोन बोटांत धरली आणि माझं तोंड डावीकडे वळवलं. “लव्हाळ्याच्या म्होरं. लाल पायाचं. दिसलं?” बऱ्याच वेळाने मला शेकाट्या दिसला, काटक्यांसारख्या पायांवर उभा असलेला. मग त्या माणसाने विचारलं, “ओरडतंय का ते?”

तो राजय्या. पंचवीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून त्याचे कान जवळजवळ गेले होते. विणाई खात्यात बहुतेकांचं हेच होतं. ही माणसं एकमेकांशी बोलतात ती ओठांकडे बघून. पण नजर अशी की चार माग सोडून पलीकडे तुटलेला धागा त्याला उभ्या जागेवरून दिसायचा. त्या दिवसापासून आम्ही बरोबर जायला लागलो. मी त्याला अण्णा म्हणायचो आणि तो मला नुसतं गोविंद. दुर्बीण आमच्याकडे नव्हती. नावंसुद्धा निम्मीच माहीत. काही मी वाचनालयातल्या पुस्तकातून काढलेली, काही त्याची तेलुगू, आणि उरलेल्यांना आम्हीच काहीतरी म्हणायचो.

आमचं वर्ष पक्ष्यांवर चालायचं. दिवाळी झाली की तलावावर बदकं उतरायची. नारिंगी चक्रवाकांची जोडपी काठाच्या चिखलात फिरायची, आणि संक्रांतीच्या आसपास हरभऱ्याच्या रानांवर करकोच्यांची रांग येई. उन्हाळ्यात पाणी आटलं की लांब पायांचे पक्षी उघड्या पडलेल्या गाळावर गोळा होत. पाऊस सुरू झाला की आम्ही तलाव सोडून माळ धरायचो. चंडोल उभा वर चढत जातो आणि वरूनच गातो. मला तो कधीच दिसला नाही. राजय्या मान वर करून बघत राही आणि विचारी, “आता काय म्हणतंय?” सांगणं फार अवघड होतं. एकदा मी म्हणालो, “कुणीतरी किल्ल्यांचा जुडगा हलवत पायऱ्या चढतंय असं वाटतं.” तो खूश झाला. “लहानपणी ऐकलोय की मी,” म्हणाला. “असंच होतं.”

त्या माळावरच माझ्या हातून ती गोष्ट घडली.

नान्नजच्या बाजूला, बार्शी रस्त्याने सायकल मारत दीड-दोन तास गेलं की गवताचा मोठा माळ लागतो. तिथे आम्हाला माळढोक सापडला होता. मेंढीच्या कोकराएवढा पक्षी, पांढरी मान, आणि चाल अशी की गावचा पाटीलच शेत बघायला निघालाय. पावसाळ्यात तो नर गळ्याची पिशवी फुगवून उभा राही आणि लांबवर घुमणारा आवाज काढी. राजय्याने तो मला दाखवला आणि मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन तो आवाज करून दाखवला. दोन वर्षं आम्ही त्याच्यासाठी जात होतो. कुणालाही सांगायचं नाही असं राजय्याने बजावलं होतं.

मी सांगितलं. आमच्या खात्यावर तेव्हा एक साहेब होते. नाव लिहीत नाही, ते कधीच सोलापूर सोडून गेले. एका दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, “तुम्ही म्हणे रविवारी पक्षी बघायला जाता?” त्या केबिनमध्ये मला कधी कुणी बसा म्हटलं नव्हतं. मी बसलो आणि बोलत सुटलो. माळढोकाचं सांगितलं. त्यांनी कुठे म्हणून विचारलं तेव्हा गेटपासाच्या कोऱ्या पाठीवर नकाशासुद्धा काढून दिला… विहीर, बाभळींची रांग, त्यापुढे खडकाळ टेकाड. त्यांच्याकडे बंदूक आहे हे मला माहीत होतं. ते माझ्या मनात आलं नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. आलं होतं. पण चहा अजून संपला नव्हता.

दोन आठवड्यांनी आम्ही गेलो तर माळ मोकळा. एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन उभा होता. म्हणाला, “त्यो मोठा पक्षी व्हय? मारून टाकला की त्येंनी. जीपगाडी आलती, सायब लोक हुते. बाभळीपाशी उभं ऱ्हायले आन् थेट तितंच गेले, जणू ठावंच हुतं.” राजय्या त्याच्या ओठांकडे बघत होता. त्याला सगळं कळलं. बाभळीजवळ पिसं पडली होती, वाऱ्याने गवतात अडकलेली. राजय्याने ती उचलली नाहीत. माझ्याकडे वळून एवढंच विचारलं, “तू कुणाला सांगितलास?”

मी म्हणालो, “नाही अण्णा.”

त्याने मान हलवली. येताना तो सायकलवर पुढे पुढेच राहिला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रोज सकाळी माझ्या खिडकीवरून जाताना तो मान हलवून जाई, मी त्याच्या नावापुढे हजर लिही. ते वर्ष मी एकट्याने काढलं. तलावावर जायचो, बांधावर बसायचो, चारी बाजूंनी आवाज यायचे आणि एकही पक्षी दिसायचा नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. तलाव आटत आटत मध्ये डबक्याएवढा राहिला आणि होते नव्हते ते सगळे पक्षी त्या पाण्याभोवती दाटले. एका रविवारी मी बांधावर गेलो तर राजय्या आधीच येऊन बसला होता. मी शेजारी बसलो. थोड्या वेळाने त्याने पहिल्यासारखीच माझी हनुवटी धरली आणि तोंड वळवलं. “रोहित. बारा हायेत.” मला गुलाबी डाग दिसले. मला रडू येत होतं, आणि त्याने ते माझ्या चष्म्याच्या कडेने पाहिलं असणार. पण तो पक्षीच मोजत राहिला.

त्यानंतर पुन्हा सगळं चालू झालं. फक्त नान्नजचं नाव त्याने कधी काढलं नाही. तीन-चार वर्षं गेली. मला ते आतून कुरतडत होतं. त्याच्याकडे तोंड करून बोलायची हिंमत नव्हती. शेवटी एका थंडीत, बदकं पाण्यावर उतरत असताना, समोर पाण्याकडे बघतच मी बोलून टाकलं. “अण्णा, साहेबाला मीच सांगितलं. नकाशा मीच काढून दिला.” तो शेजारी बसला होता. वळला नाही. जरा वेळाने म्हणाला, “ऊन चढलं, चल.” त्याला ऐकू गेलं नाही असं मी धरून चाललो. पुन्हा सांगायचा धीर झाला नाही. खरं सांगायचं तर, सांगून झालं आणि त्याला कळलंही नाही, यात मला सुटल्यासारखंच वाटलं होतं. नंतर त्याचीच फार लाज वाटू लागली.

शेवटची दोन वर्षं त्याचा दमा वाढला. कापसाची धूळ छातीत बसली होती. सायकल सुटली. मग आम्ही शहरातल्याच कंबर तलावाच्या काठाने चालायचो, तेही बसत बसत. शेवटच्या रविवारी तो येऊ शकला नाही आणि मीही गेलो नाही. त्याच्या घरी जाऊन बसता आलं असतं. तेही मी केलं नाही…

गेल्या आठवड्यात मी राजय्याच्या बायकोला, वैनींना भेटायला गेलो. दुपारची वेळ होती. एकच खोली, पलंगावर त्याचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं, खिळ्यावर सदरा. वैनींनी चहा ठेवला आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता एकदम म्हणाल्या, “त्या साहेबाला तुमीच सांगितलं हुतं की माळढोकाचं.”

मी दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं आणि बाहेर ओट्यावर बायका बसल्या होत्या. वैनी पुढे म्हणाल्या, “मला घरी येऊन सांगितले की ते. म्हणाले, गोविंद आज तळ्यावर बोलला. लई दिवस पोटात ठेवला हुता.”

“पण मी तर पाण्याकडे बघून बोललो होतो, वैनी. त्यांना ऐकू…”

“एका बाजूनं बी ओठ वाचायचे ते. जन्म गेला की मागावर.” त्या चहा गाळत होत्या.

“मग काय म्हणाले?”

“काय म्हणायचं? जेवले. आन् झोपताना म्हणाले, आइतवारी लवकर उठीव, गोविंद वाट बघतो.”

कप माझ्या हातात देऊन त्या समोर बसल्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आल्यापासून त्या माझ्याशी केवढ्या मोठ्या आवाजात बोलत होत्या. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या, एकेक शब्द सुटा करून, तोंड माझ्यासमोर धरून. आयुष्यभर त्या खोलीत असंच बोलावं लागलं. आता तिथे कमी ऐकणारं कुणी नाही, पण आवाज खाली आलेला नाही. “साखर बरोबर हाय का?” त्यांनी ओरडून विचारलं.

“बरोबर आहे, वैनी,” मीही तेवढ्याच मोठ्याने म्हणालो.