बाईंच्या बाजूचं पेडल

गाडी शिकवणाऱ्या बाई बोलायला फटकळ. बावीस वर्षं त्यांनी माणसं स्टिअरिंगमागे बसवली आणि बावीस वर्षं एकच रडगाणं गायलं: लोकांना क्लच वापरता येत नाही, येता-जाता पेडलवर पाय ठेवून बसतात आणि क्लचची प्लेट खातात. आठ महिन्यांत प्लेट जाते म्हणजे काय! विद्यार्थ्यांच्या नावाने त्या खडे फोडायला लागल्या की कोणी त्यांच्या तोंडाला लागत नसे.

त्या दुपारी गाडीने पुन्हा रंग दाखवले. एक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलायचं, वेग मात्र वाढायचा नाही. आत जळका वास. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तर सिस्टरची टेस्ट होती. ही सिस्टर म्हणजे दवाखान्यातली नर्स. दवाखान्याच्या फिरत्या गाडीवर गाडी चालवता येणारीच नर्स हवी होती, आणि लायसन्स दाखवायची मुदत उद्या संध्याकाळी संपत होती. बिचारी चढावर दोनदा नापास झालेली. त्यात बाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलकडे गाडी एकच.

बाईंच्या धाकट्या भावाचं गॅरेज होतं. त्याने हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. प्लेट धड असती तर इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं असतं. ते चांगलं दोन-तीन श्वास गुरगुरत राहिलं, मग गेलं.

"संपली," तो म्हणाला. "नवी परवा येईल."

"परवाची घेऊन काय करू? टेस्ट उद्या आहे!"

"मग जपून. आज तीन चढ, उद्या एक. त्याच्यापुढे इंजिन नुसतं ओरडेल, गाडी हलायची नाही."

"सांगून सांगून जीभ झिजली माझी, पण या पोरी पाय काही—"

"ताई, जरा इकडे बघ."

तो वाकला होता बाईंच्या सीटपाशी. तिथे शिकवणाऱ्यासाठी क्लच आणि ब्रेकची दुसरी जोडी होती, शिकणाऱ्याच्या पेडलांना आतून जोडलेली. ब्रेकचं रबर नव्यासारखं होतं. क्लचचं पार घासून खालचं लोखंड चकचकत होतं.

"विद्यार्थी दर महिन्याला बदलतात," भाऊ म्हणाला. "इथे पाय कोणाचा असतो?"

बाईंनी आपल्या डाव्या चपलेकडे पाहिलं. डावीच चप्पल आधी का झिजते म्हणून गेल्याच आठवड्यात त्या दुकानदाराशी हुज्जत घालून आल्या होत्या. फार वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याची गाडी चढावरून मागे घरंगळून भिंतीवर आदळली होती. कोणाला खरचटलंही नाही, पण त्या दिवसापासून बाईंचा पाय त्या पेडलवरून उठलाच नव्हता.

आणि मग त्यांना दुसरी गोष्ट कळली. सरावात सिस्टरने पाय झटकन उचलला तरी पेडल बाईंच्या पायामुळे हळूहळू वर यायचं. टेस्टला बाई मागच्या सीटवर. तिथे पाय सिस्टरच्या एकटीचा, तो झटकन उचलला जायचा आणि गाडी आचका देऊन बंद. दोन्ही वेळा बाईंनी बाहेर येऊन तिलाच फैलावर घेतलं होतं.

संध्याकाळी चढाच्या पायथ्याशी बाई सीटवर चक्क मांडी घालून बसल्या.

"हे काय, बाई?"

"गुडघा दुखतोय. तू तुझं बघ. हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची नाही. हँडब्रेकवर थांबव. पाय हळू सोड, बॉनेट जरासं उचललं की हँडब्रेक खाली आणि पेडलवरून पाय बाजूला."

पहिल्या चढाला गाडी बंद पडून मागे गेली. बाईंनी हँडब्रेक खेचला. मांडीतला पाय सुटू बघत होता, तो त्यांनी हाताने दाबून धरला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा गाडी कुरकुरत का होईना, वर चढली. चौथा चढ मागायची सोय नव्हती.

सकाळी टेस्ट घेणाऱ्या साहेबांनी मागच्या चाकामागे काडेपेटी ठेवली. ती चिरडली की नापास. साहेब पुढे बसले, बाई मागे, आणि मागच्याने चकार शब्द काढायचा नाही हा नियम.

"चला," साहेब म्हणाले.

इंजिन ओरडलं. बॉनेट उचललंच नाही. जळका वास पसरला आणि साहेबांनी नाक मुरडलं. बाईंचा डावा पाय समोर गाडीच्या रिकाम्या तळावर इतका दाबला गेला होता की पोटरीत गोळा आला. सिस्टरने आरशात पाहिलं. बाईंनी पाय उचलला आणि तिच्याकडे बघत निमूटपणे मांडी घातली.

सिस्टरने श्वास सोडला, पेडल अजून वर येऊ दिलं, अगदी शेवटच्या बोटभर उंचीपर्यंत. तिथे प्लेटने पकडलं. बॉनेट उचललं, हँडब्रेक खाली गेला, आणि गाडी घरघरत चढ चढून गेली. मागे काडेपेटी होती तशी उभी.

कागदावर सही झाल्यावर बाई तिला बाजूला घेऊन गेल्या.

"आधी दोनदा तू नापास झालीस ना, ते तुझ्यामुळे नव्हे गं. माझा पाय असायचा पेडलवर. मी तुलाच बोलत राहिले. काल गुडघ्याचंही खोटंच सांगितलं."

"ते कालच कळलं मला," सिस्टर म्हणाली. "बाई, मी नर्स आहे. गुडघा दुखणारं माणूस मांडी घालत नाही."