डोळे मिटलेले वीस सेकंद

२००८ सालच्या एका शनिवारी दुपारी सव्वाचार वाजता, दौंड स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत, आमच्या चर्चच्या एका स्वयंसेविकेनं ऑनलाइन खेळातली लढाई ऐन रंगात असताना प्रार्थनेसाठी डोळे मिटले. साधारण वीस सेकंदांनी तिनं ते उघडले, तेव्हा तिचा संघ हरला होता.

ती रेल्वे कॉलनीतली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मी तेव्हा एका दैनिकाचा वार्ताहर होतो आणि चर्चच्या सांगण्यावरून तिच्यासह पाच जणांना शिकवत होतो. ऑनलाइन खेळणाऱ्यांत मिसळायचं, त्यांचं ऐकायचं, कुणी विचारल्याशिवाय येशूविषयी बोलायचं नाही. खासगीत कळलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. हा नियम मी बातमीदारीतून आणला होता. खेळता खेळता प्रार्थना कशी करायची, हे शिकवायचं राहिलं. सगळ्यांना संडे स्कूलपासून डोळे मिटायची सवय होती.

ती चर्चला जाते, हे संघात फक्त खुटबावच्या एकाला माहीत होतं. त्यानं एकदा विचारलं होतं. त्या दुपारी शिरूरच्या एका दवाखान्यात त्याच्या आईचं ऑपरेशन चालू होतं. बाहेर बसवेना, म्हणून तो दवाखान्यासमोरच्या कॅफेत येऊन खेळत होता. लढाई चालू असतानाच त्यानं तिला खासगी संदेश पाठवला: "ताई, आईला आत नेलंय. आत्ता प्रार्थना करा. कुणाला सांगू नका."

मी शेजारच्या खुर्चीवर होतो. हेडफोनमधला आवाज मलाही येत होता. संघाचा म्होरक्या सणसवाडीच्या कारखान्यात फिटर होता.

"ताई, झोपली व्हय? पूल राखायचा सोडून नुसती उभी."

"चहा सांगा हिला," दुसरा कुणी म्हणाला.

"डोळे मिटले होते," ती म्हणाली. "प्रार्थना करत होते."

"आपल्यासाठी आसंल तर पावली न्हाई."

हसू थांबल्यावर म्होरक्यानं विचारलं, "कुणासाठी, ते सांग. स्पर्धेतनं गेलो आपण तुझ्यापायी."

तिनं खासगी संदेशाची खिडकी बंद केली.

"पाचपर्यंत सांग. न्हाईतर नाव काढतो."

या संघात शिरायला तिला तीन महिने लागले होते. खुटबावच्याचं नाव यादीत दिसत होतं, त्याचा माइक बंद होता. त्याच्याबद्दल एक वाक्य बोलली असती, तर बहुधा तिथंच मिटलं असतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर स्क्रीनकडे वळवली.

पाचला दहा कमी असताना खुटबावच्याच्या नावापुढचा, तो ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका विझला. पाच वाजता तिचं नाव काढण्यात आलं.

रविवारी मी पाचही जणांकडून उघड्या डोळ्यांनी प्रार्थना करण्याचा सराव करून घेतला. दोघांना जमलं नाही. त्यातली एक ती.

बुधवारी तिच्या खेळातल्या खात्यावर खुटबावहून एका ओळीचा संदेश आला: आईला घरी आणलं.

संघाच्या यादीत तिचं नाव परत आलं नाही.