आधी माणूस दाखवा

यादीवाल्या बाई कुणाच्याही दारात आल्या की आधी चपला मोजायच्या. बेल वाजवायची आणि दार उघडेपर्यंत खाली बघत उभं राहायचं. आतून कुणी ऐटीत "आम्ही सहा जण" म्हणालं की बाई शांतपणे म्हणायच्या, "चपला तिघांच्या दिसतात." बाकीच्या कपाटात आहेत असं कुणी सांगितलं, तर कपाट उघडेपर्यंत त्या हलत नसत. माझी आई कोपरला ज्या सोसायटीत राहायची, तिथल्या चारही मजल्यांवरच्या चपला बाईंना पाठ होत्या.

त्या महापालिकेच्या शाळेत तिसरीला शिकवत. आमच्या भागाची मतदार यादी सांभाळायचं काम सरकारी हुकमाने त्यांच्या गळ्यात पडलं होतं. हे काम गळ्यात पडलेली माणसं साधारणपणे सोसायटीच्या ऑफिसात बसतात, सेक्रेटरीला विचारून खुणा करतात आणि घरी जातात. बाई शाळा सुटल्यावर जिने चढायच्या. यादीला त्यांनी पाठ्यपुस्तकासारखं खाकी कव्हर घातलं होतं, आणि जवळ एक लाल-निळी पेन्सिल असायची. माणूस डोळ्यांना दिसला तर निळी खूण. नाही दिसला तर लाल. चहा कुणाकडेही घ्यायचा नाही, पाणी मात्र हक्काने मागायचं. त्यांचं आडनाव वॉचमनलाही माहीत नव्हतं आणि सेक्रेटरीलाही. तिसरीच्या वर्गातला आवाज त्या जिन्यातही खाली आणत नसत, त्यामुळे बाई कितव्या मजल्यावर आहेत हे सगळ्या इमारतीला कळायचं.

"आधी माणूस दाखवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आईच्या शेजारच्या सामंतकाकूंचा मुलगा नोकरीसाठी सहा वर्षं पुण्यात होता, पण त्याचं नाव कोपरच्या यादीतून काढायला काकू तयार नव्हत्या.

"अहो, येतो ना तो सणावाराला. गणपतीत तर पाच दिवस इथेच असतो," काकू म्हणाल्या.

"सणाला येतो त्याला पाहुणा म्हणतात. रोज रात्री जिथे झोपतो, तिथला तो मतदार."

काकू आठवडाभर बाईंच्या नावाने खडे फोडत होत्या. मुलाने मात्र पुण्याला नाव घातलं आणि तिथे पहिल्यांदाच मतदान केलं. हे काकूंनी नंतर मोठ्या कौतुकाने सांगितलं, बाईंचा उल्लेख टाळून.

एकदा गल्लीतला एक कार्यकर्ता नव्या नावांचे अर्ज गठ्ठ्यानेच घेऊन आला. सगळ्यांचा पत्ता एकच, पलीकडच्या चाळीतली एक खोली. बाई तशाच उठून ती खोली बघायला गेल्या. आत गणपतीच्या मंडपाचे बांबू आणि ताडपत्र्या रचलेल्या होत्या.

"मॅडम, ॲडजस्ट करा ना यार थोडं. सगळे आपलेच लोक आहेत," तो म्हणाला.

"आपले असू देत. ह्या बांबूंवर झोपतात का ते? बोलवा एकेकाला, मी थांबते."

त्या खरोखरच थांबल्या. बाहेरच्या पायरीवर बसून त्यांनी तासाभरात तिसरीच्या वह्यांचा एक गठ्ठा तपासला आणि मग अर्जांवर 'पत्त्यावर कोणीही आढळले नाही' असा शेरा मारून घरी गेल्या. पुढे त्यांच्याविरुद्ध वर तक्रार झाली, चौकशीही झाली. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "चौकशीला कसली भ्यायची? मी रोज पालकांना तोंड देते."

माझ्यावरही त्यांनी लाल पेन्सिल चालवली होती. लग्न होऊन मी ठाण्याला वर्तकनगरात गेले, तिथे माझं नाव लागलं, तरी कोपरच्या यादीत माझं माहेरचं नाव तसंच होतं. आईची इच्छा ते राहावं अशी. लेकीचं नाव कुठेतरी माहेरी असावं, एवढंच तिचं म्हणणं. आमच्यासारख्या घरांतून हे सर्रास चालतं आणि त्यात काही गैर आहे असं कुणाला वाटत नाही. बाईंनी मला सरळ फोन लावला. "ताई, तुम्ही वर्तकनगरच्या यादीत आहात, मी बघितलंय. एक मूल दोन वर्गांत हजर कसं असेल?" मी निमूटपणे अर्ज भरून दिला. आई माझ्याशी दोन दिवस तुटक बोलली.

त्यानंतर वर्षभराने बाबा गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. आई कोपरला एकटी राहू लागली आणि मी दर शनिवारी तिच्याकडे जाऊ लागले. अशाच एका शनिवारी बाई आल्या. त्या दिवशीही त्यांनी खाली बघितलं. बाबांच्या चपला आईने काढल्या नव्हत्या. बाई आत येऊन बसल्या आणि पिशवीतून नाव वगळण्याचा अर्ज काढला.

"आजी, दाखल्याची झेरॉक्स द्या आणि इथे सही करा. मी पुढचं बघते."

आई अर्जाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रेशन कार्डावरून काढलं. गॅसच्या पुस्तकावरून काढलं. बँकेत गेले, तिथूनही काढलं. दर महिन्याला मी ह्यांना कुठून ना कुठून काढतेच आहे. एवढ्या एका ठिकाणी राहू द्या ना, बाई. यादीत माझ्या वरचंच नाव आहे ते. तिथे राहिलं तर कुणाचं काय जातंय?"

मला वाटलं, आता शाळा सुरू होणार. पण बाई हातातली पेन्सिल पिशवीत टाकून म्हणाल्या, "बरं, पुढच्या फेरीत बघू." आईने चहाचं विचारलं, आणि बाईंनी तो घेतला. त्यांना चहा घेताना मी तेवढं एकदाच पाहिलं. मला त्या दिवशी बाई फार आवडल्या हे कबूल करते.

पुढची फेरी व्हायच्या आत निवडणूक आली.

आईचे गुडघे दुखायचे, म्हणून मी तिला हाताला धरून मतदानाला नेलं. केंद्र बाईंच्याच शाळेत होतं आणि त्या फाटकाशी टेबल मांडून बसल्या होत्या. त्यांनी आईला चिठ्ठी दिली आणि वर्ग दाखवला. आत यादी घेऊन बसलेल्या अधिकाऱ्याने आईचं नाव मोठ्याने वाचलं. आई पुढे वाकून यादीत बघत होती. तिच्या वरच्या नावावर लाल शाईची रेघ मारलेली होती.

"ही रेघ कसली?" आईने विचारलं.

"मतदान झालं त्यांचं. सकाळीच येऊन गेले. तुमचे मिस्टर का?"

आईने माझा दंड घट्ट धरला. मीच त्या माणसाला सांगितलं की ते वारले, सात महिने झाले. तो चपापला. सकाळी गर्दी होती, कार्ड दाखवलं त्यांनी, कुणी हरकत घेतली नाही, असं काहीबाही सांगू लागला. पक्षांचे प्रतिनिधी मागच्या बाकावर बसून वडापाव खात होते. आईने मत दिलं. बाहेर येताना मला त्या न पाहिलेल्या माणसाचा असा राग आला की तसा मला आजवर कुणाचा आलेला नाही.

फाटकाशी आई थांबली. "बाई," ती म्हणाली, "ह्यांच्या नावाने कुणीतरी आत जाऊन आलं."

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी आईला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि वहीचा एक कागद फाडून उभ्याउभ्याच लिहायला लागल्या. मी वाकून वाचलं. 'सदर मतदार मयत असल्याचे मला माहीत होते. नाव वगळण्याची कार्यवाही मी केली नाही. चूक माझी आहे.'

"बाई, हे कशाला लिहिताय?" मी म्हणाले. "आम्ही अर्ज दिला नव्हता. तुम्हाला कोण विचारणार आहे?"

"कुणी विचारायला कशाला हवं? यादी माझी आहे ना."

"नोकरीवर येईल तुमच्या."

"येऊ दे. त्या बांबूंच्या खोलीत मी एक माणूस घुसू दिला नाही, आणि इथे दार उघडं ठेवून बसले." तो कागद त्यांनी केंद्राच्या प्रमुखाकडे नेऊन दिला आणि त्याची पोच मागून घेतली.

व्हायचं ते झालं. कारणे दाखवा नोटीस आली, सेवापुस्तकात नोंद झाली, आणि आमचा भाग त्यांच्याकडून काढून दुसऱ्या एका शिक्षकाला दिला गेला. तो कार्यकर्ता गल्लीत सांगत फिरला की फार शिस्तीच्या होत्या ना, बघा आता. कुणी कुणी हसलंही. ज्यांच्या कपाटांतल्या चपला त्यांनी काढायला लावल्या होत्या, ती माणसं जरा जास्तच हसली.

भाग सोडण्याच्या आधी बाई शेवटच्या कामाला आमच्याकडेच आल्या. आईने दाखल्याची झेरॉक्स आधीच काढून ठेवली होती.

"माझ्या हट्टापायी तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं," आई म्हणाली. "आणि ते बिचारे, आयुष्यात कधी रांग मोडून पुढे गेले नाहीत."

"हट्ट तुमचा होता, आजी. ऐकलं मी. इथे करा सही."

आईने सही केली. बाईंनी तिच्यादेखत यादी उघडली, लाल पेन्सिलीने बाबांचं नाव खोडलं आणि एकही शब्द न बोलता जिना उतरल्या. त्या दिवशी त्या कितव्या मजल्यावर आहेत हे इमारतीत कुणालाच कळलं नाही.

तीन वर्षांनी आई गेली. चौदाव्या दिवशी, बँकेच्या आणि रेशनच्या आधी, मी तिचं नाव वगळण्याचा अर्ज भरला. अर्जदार म्हणून सामंतकाकूंची सही घेतली, कारण मी तिथली मतदार नव्हते. अर्ज कुठे द्यायचा हे ठाऊक नव्हतं म्हणून बाईंच्या शाळेत गेले. वर्ग सुटत होता. त्यांनी अर्ज हातात घेतला, आईचं नाव वाचलं आणि तिथेच बाकावर बसल्या.

"कधी?"

"पंधरवडा झाला."

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ त्या पदराने काचा पुसत होत्या.

"निवडणूक लांब आहे हो अजून," त्या म्हणाल्या. "थोडे दिवस ठेवलं असतंत."

त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. चष्मा घालून अर्ज पहिल्या ओळीपासून तपासला, दाखल्याशी तारीख ताडून पाहिली, आणि मग पिशवी उचलून म्हणाल्या, "चला, अर्ज द्यायला मी येते तुमच्याबरोबर."